टी-शर्टवर लोगोचं विडंबन छापून विकताय? कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टी-शर्ट छापण्याच्या धंद्यात आहे. दर महिन्याला दोन-तीन तरुण मुलं मोबाइलवर डिझाइन घेऊन येतात. कुठल्यातरी मोठ्या ब्रँडचा लोगो थोडा वाकवलेला असतो, खाली मराठीत एक झणझणीत ओळ असते, आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हे छापलं तर काही होणार नाही ना?" डिझाइन बहुतेक वेळा मला आवडतं आणि तरीही उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास इथे लिहून ठेवतोय. मी वकील नाही. पण ओळखीतल्या एका मुलाच्या गाळ्यात कोर्ट कमिशनरने येऊन माल सीलबंद केला तेव्हा मी तिथे होतो, आणि तेव्हापासून या विषयावरचे कायदे आणि निकाल वाचत आलोय.

भारतात लोगोचं विडंबन करायला परवानगी आहे की नाही?

विडंबन करणं हा गुन्हा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात थट्टा, उपहास, टीका सगळं येतं. अडचण अशी की व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, १९९९ मध्ये विडंबनाला सूट देणारं एकही कलम नाही. अमेरिकेच्या कायद्यात २००६ पासून विडंबनाचा निदान उल्लेख तरी आहे, आपल्याकडे तोही नाही. त्यामुळे "हे विडंबन आहे" एवढं म्हणून सुटका होत नाही. तुमच्या वकिलाला ते कायद्यातल्या दुसऱ्याच शब्दांत बसवून दाखवावं लागतं, आणि तोपर्यंत माल गोदामात पडून राहतो.

पण माझा शर्ट पाहून कोणीही तो मूळ कंपनीचा समजणार नाही. मग उल्लंघन कसलं?

जवळपास प्रत्येक जण हाच मुद्दा घेऊन येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ग्राहकाची फसगत हा ट्रेडमार्क कायद्याचा फक्त एक भाग आहे. कलम २९ च्या पोटकलम (४) मध्ये दुसरा भाग आहे. चिन्ह भारतात नावाजलेलं असेल आणि तुम्ही त्यासारखंच चिन्ह योग्य कारणाशिवाय वेगळ्याच मालावर वापरलंत, तर फसगत सिद्ध करायची गरजच उरत नाही. त्या चिन्हाच्या लौकिकाचा तुम्ही गैरफायदा घेतलात, किंवा त्याच्या वेगळेपणाला वा नावाला धक्का लावलात, एवढं दाखवलं की पुरे. शीतपेयाची, सिमेंटची किंवा बँकेची कंपनी टी-शर्ट विकत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त असता, पण हे पोटकलम नेमकं त्याच परिस्थितीसाठी लिहिलेलं आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी कपड्यांच्या वर्गात, म्हणजे वर्ग २५ मध्येही नोंदणी करून ठेवलेली असते. ते तपासायला पैसे लागत नाहीत. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. छपाईआधीची ती दहा मिनिटं कोणीच देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

या पोटकलमात तुमच्या बाजूचे शब्द दोनच, "योग्य कारणाशिवाय". विडंबन करणाऱ्याचा सगळा बचाव या दोन शब्दांवर उभा असतो.

"योग्य कारण" म्हणजे नेमकं काय?

टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस हे आपल्याकडचं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असं ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी पॅकमॅनच्या धर्तीवर एक ऑनलाइन खेळ काढला, ज्यात कासवाच्या मागे टाटांच्या लोगोसारखी चिन्हं लागलेली होती. टाटांनी दहा कोटींच्या नुकसानभरपाईचा दावा लावला आणि अंतरिम मनाई हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी तो हुकूम नाकारला. एखादं चिन्ह टीकेचा विषय म्हणून वापरलं तर ते आपोआप उल्लंघन ठरत नाही, हे त्या निकालाचं सार.

हा निकाल मुलं मला मोठ्या उत्साहाने दाखवतात. मी त्यांना दोन गोष्टी विचारतो. ग्रीनपीस काही विकत होती का? नव्हती. आणि त्यांच्या थट्टेचं लक्ष्य कोण होतं? ज्याचा लोगो, तीच कंपनी.

आता हे घ्या. लाल शर्टावर, जगप्रसिद्ध शीतपेयाच्या वळणदार पांढऱ्या अक्षरांत, "कोकम" असं लिहिलंय. दिसायला सुंदर, कोकणातल्या माणसाला लगेच भावेल असं. पण यात त्या कंपनीबद्दल काय म्हटलंय? काहीच नाही. तिची अक्षरं आणि रंग हे फक्त लक्ष वेधून घेण्यासाठी उसने घेतलेत. उद्या न्यायाधीशांनी विचारलं की कोकमाबद्दल बोलायला याच लोगोची गरज काय होती, तर तुमच्याकडे उत्तर नाही. याउलट एखाद्या कंपनीच्या भूजल उपशावर बोट ठेवणारी ओळ तिच्याच अक्षरांत असेल, तर तो लोगो का लागला हे शर्टच सांगतो. तमाशातली बतावणी आठवा. सोंगाड्या पाटलासमोर पाटलाचीच नक्कल करतो, तेव्हा ती पाटलाबद्दल असते. पाटलाचा फेटा चढवून कोणी बाजारात भाजी विकायला बसला, तर ती नक्कल म्हणायची का?

माझ्या मते छापण्याआधी स्वतःला हा एकच प्रश्न नीट विचारावा: थट्टा लोगोवाल्याची आहे, की लोगो वापरून दुसऱ्याच कशाची?

टी-शर्टवरच्या विडंबनाचा खटला जगात कोणी जिंकलाय का?

हो, आणि थाटात. दक्षिण आफ्रिकेत "लाफ इट ऑफ" नावाचा छोटा उद्योग ब्रँडच्या लोगोंची विडंबनं टी-शर्टवर छापून विकायचा. त्यांनी कार्लिंग ब्लॅक लेबल या बिअरच्या लेबलचा साचा तसाच ठेवून "ब्लॅक लेबल"च्या जागी "ब्लॅक लेबर", म्हणजे काळ्यांचे कष्ट, आणि खाली "व्हाइट गिल्ट", म्हणजे गोऱ्यांचा अपराधभाव, असं छापलं. १६५२ पासूनच्या शोषणाचाही उल्लेख त्यावर होता; डच तिथे त्याच वर्षी उतरले होते. बिअर कंपनी खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकली. पण २७ मे २००५ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने निकाल फिरवला. नावाला धक्का लागेल असं नुसतं म्हणून चालत नाही, विक्रीला खरोखर मोठा फटका बसण्याची शक्यता पुराव्याने दाखवा, असं न्यायालयाने सांगितलं. कंपनीकडे तसा पुरावा नव्हता. न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्राची सुरुवातच "कायद्याला विनोदबुद्धी असते का?" या प्रश्नाने केली. टाटा-ग्रीनपीस निकालात या खटल्याचा आधार घेतलेला आहे, म्हणून आपल्यासाठीही तो कामाचा आहे. मात्र तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, आणि दोनदा हरून वरपर्यंत जाण्याइतका दम किती जणांकडे असतो?

अमेरिकेत तर सगळं चालतं म्हणतात?

नाही चालत. १९८७ मध्ये "म्युच्युअल ऑफ ओमाहा" या विमा कंपनीच्या चिन्हावरून "म्युटंट ऑफ ओमाहा" असे अणुयुद्धविरोधी टी-शर्ट काढणारा चित्रकार अपिलात हरला. पाहणीत सुमारे दहा टक्के लोकांना कंपनीची याला साथ आहे असं वाटलं होतं. हेच विडंबन पुस्तकात, मासिकात किंवा चित्रपटात करायला तू मोकळा आहेस, असं न्यायालयाने त्याला सुचवलं. शर्ट आणि कॉफीचे मग मात्र बंद झाले. पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, बडवायझर बिअरच्या डब्याच्या धर्तीवर मर्टल बीचचे शर्ट काढणारे मात्र जिंकले, कारण लोक फसणार नाहीत असं ज्युरीला वाटलं होतं, आणि खालच्या न्यायाधीशाने फिरवलेला तो कौल अपील न्यायालयाने पुन्हा लागू केला. "नॉर्थ फेस" या कपड्यांच्या ब्रँडची थट्टा करणारा "साउथ बट" २००९ मध्ये कोर्टात खेचला गेला आणि पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला.

आणि २०२३ चा जॅक डॅनियल्स या व्हिस्की ब्रँडचा निकाल तर प्रत्येक डिझायनरने वाचावा. त्यांच्या बाटलीच्या आकाराचं, "बॅड स्पॅनियल्स" नावाचं कुत्र्याचं खेळणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की दुसऱ्याचं चिन्ह तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरत असाल, तर विनोदाच्या नावाखाली खास संरक्षण मिळणार नाही. प्रकरण खाली परत गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये खालच्या न्यायालयाने ठरवलं की ग्राहकाची फसगत होत नाही, पण कुत्र्याच्या विष्ठेशी जोडल्यामुळे ब्रँडच्या नावाला बट्टा लागतो. विक्रीला मनाई झाली. म्हणजे कोणीही फसत नसताना विक्रेता हरला.

लोगोत ३० टक्के बदल केला की चालतं ना?

असा कुठलाही नियम नाही, ना २० टक्क्यांचा, ना ३० चा. ही अफवा कुठून सुटली देव जाणे, पण तिने बऱ्याच जणांना बुडवलंय. दोन चिन्हं शेजारी ठेवून फरक मोजले जात नाहीत. सर्वसाधारण बुद्धीच्या, अर्धवट आठवणाऱ्या ग्राहकाच्या मनावर एकूण ठसा काय उमटतो, ते बघतात. "अमृतधारा" आणि "लक्ष्मणधारा" या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ही कसोटी लावली आणि आजही तीच चालते. विडंबनाची गंमत अशी की मूळ लोगो ओळखू आला नाही तर विनोदच मरतो. त्यामुळे तुमचा शर्ट जितका जमलेला, तितकं साम्य ठळक.

इंग्रजी लोगो देवनागरीत लिहिला तर?

उच्चार तोच, रंग तेच, आकार तोच असेल तर फरक पडत नाही.

"या शर्टाचा मूळ कंपनीशी संबंध नाही" असं लेबलवर छापलं तर?

छापा, नुकसान नाही. तुमची नियत स्वच्छ होती हे दाखवायला त्याचा उपयोग होतो. पण ग्राहक शर्ट घालून रस्त्यावर फिरतो तेव्हा गळ्यातलं लेबल कोणी वाचत नाही, आणि पोटकलम (४) ला तर फसगतीशी देणंघेणंच नाही.

कॉपीराइटचा यात काय संबंध? लोगो तर ट्रेडमार्क असतो.

लोगोतलं चित्र ही "कलाकृती"सुद्धा असते, म्हणून त्यावर स्वामित्वहक्क वेगळा असू शकतो. इथे बचाव जरा बरा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेला रास्त वापर मान्य आहे, आणि १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर देणाऱ्या प्रतिनाटकाला त्याच आधारावर वाट मोकळी करून दिली होती.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजू जास्त जाचक आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं.

म्हणजे पोलीस थेट दुकानात येऊ शकतात?

कॉपीराइटच्या तक्रारीवर उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. ट्रेडमार्कच्या बाबतीत अधिकारी उपअधीक्षक किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाचा लागतो आणि झडतीआधी त्याने रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. शिक्षेचे आकडे मात्र तेच. धाडी मुख्यतः हुबेहूब नकली माल विकणाऱ्यांवर पडतात. पण पंचनामा लिहिणाऱ्याला तुमचं विडंबन कळेलच असं नाही, आणि एकाच शेल्फवर ब्रँडची "फर्स्ट कॉपी" आणि तुमचा विनोद शेजारी टांगलेला असेल तर तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला कोणी थांबणार नाही. हे दोन धंदे एका छपराखाली करूच नका.

विडंबनवाल्यांना खरा फटका दिवाणी बाजूने बसतो. कंपनी तिच्या सोयीच्या शहरात दावा लावू शकते, आणि तुमची बाजू न ऐकता एकतर्फी अंतरिम मनाई मिळवू शकते. मग कोर्ट कमिशनर येतो, नग मोजतो, छपाईच्या स्क्रीन (डिझाइन उमटवायच्या जाळ्या) आणि हिशेबाच्या वह्यांची नोंद करतो. ज्या मुलाचा उल्लेख वर केला, त्याचे ऐन गणपतीच्या हंगामातले शर्ट असेच अडकले. तो कदाचित जिंकलाही असता, पण दिल्लीच्या चकरा परवडेनात म्हणून त्याने हमीपत्र लिहून दिलं आणि विषय संपवला.

मी फक्त छापतो, डिझाइन ग्राहकाचं. मला काय?

तुम्हालाही आहे. मालावर चिन्ह उमटवणं हाच कायद्याने "वापर" आहे. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ मध्ये खोटं चिन्ह उमटवण्यासाठी साचा, ठसा, यंत्र किंवा प्लेट बाळगणं यालाही शिक्षा आहे, म्हणजे तुमची एक्सपोज केलेली स्क्रीनही त्यात ओढली जाऊ शकते. मी आता ऑर्डरसोबत लेखी घेतो: डिझाइन ग्राहकाचं, जबाबदारी ग्राहकाची, दावा झाला तर खर्च त्याचा. याने दावा टळत नाही, पण नंतर वसुलीला आधार राहतो. शंका आली तर ऑर्डर नाकारतो, मग ती पाचशे नगांची का असेना.

कॉलेजच्या ग्रुपसाठी किंवा मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी छापले, विकले नाहीत तर?

धोका बराच कमी. ट्रेडमार्क कायदा व्यापारातल्या वापराबद्दल आहे. मात्र छापणारा व्यापारच करत असतो, आणि शर्टावर प्रायोजकाचं नाव आलं की प्रकरण पुन्हा व्यापाराकडे झुकतं.

लोगोऐवजी नटाचा चेहरा आणि गाजलेला संवाद वापरला तर?

सध्या हे लोगोपेक्षाही जोखमीचं झालंय. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची छबी असलेला माल विकणाऱ्यांना मनाई केली, पण त्यांच्या मुलाखतीचा विनोदी "ठग लाइफ" व्हिडिओ करणाऱ्याला तेव्हा रोखलं नाही. एकाच आदेशात दोन वागणुका! अनिल कपूर यांच्या २०२३ च्या आदेशातही उपहास आणि टीकेला जागा आहे असं म्हटलंय, पण चेहरा छापून माल विकण्याला नाही.

शिवाजी महाराज, तिरंगा, अशोकस्तंभ?

विडंबन तर दूरच, पण नुसत्या व्यापारी वापरालाही मर्यादा आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधानही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी यांचा वापर करता येत नाही. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. तिरंग्यावर अक्षरं छापणं आणि तो कमरेखालच्या कपड्यावर वापरणं हा राष्ट्रध्वजाचा अपमान ठरतो. या बाबतीत मी ग्राहकाशी वाद घालत नाही, सरळ नाही म्हणतो.

मी घरूनच डिझाइन अपलोड करतो, छपाई आणि पाठवणी परदेशी वेबसाइट करते. तिथे काय धोका?

कोर्टाच्या आधीच शिक्षा होते. कंपनीची तक्रार गेली की डिझाइन उतरवतात, दोन-तीन तक्रारींनंतर खातं बंद, आणि अडकलेले पैसे मिळवताना नाकीनऊ येतात. करारात सगळी कायदेशीर जबाबदारी तुम्ही घेतल्याचं कलम असतंच. अमेरिकन ग्राहकांना विकत असाल तर आणखी एक गोष्ट. शिकागोच्या संघीय न्यायालयात शेकडो ऑनलाइन विक्रेत्यांवर एकाच दाव्यात खटले भरले जातात आणि खाती आधी गोठवली जातात. हेतुपुरस्सर बनावट चिन्ह वापरल्याचं ठरलं तर एका चिन्हामागे, मालाच्या प्रत्येक प्रकारासाठी, २० लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. पुण्यात किंवा साताऱ्यात बसून तो खटला लढवणं जवळजवळ अशक्य.

माझं विडंबन इतकं गाजलंय की तेच ब्रँड म्हणून रजिस्टर करावं म्हणतो.

कृपा करून करू नका. अर्ज जाहीर झाला की मूळ कंपनी विरोध दाखल करेल, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कबूल केलेलं असेल की हे चिन्ह तुम्ही टीका म्हणून नाही, मालाची ओळख म्हणून वापरताय. जॅक डॅनियल्समध्ये विक्रेत्याला नेमकं हेच भोवलं. तुमच्या ब्रँडला स्वतःचं नाव द्या, ते गळ्याच्या लेबलवर आणि पाकिटावर ठळक ठेवा. विडंबन छातीवरचं एक चित्र एवढंच राहू द्या.

नोटीस आली. आता?

घाबरून सोशल मीडियावर नोटिशीचा फोटो टाकू नका. लोक टाळ्या वाजवतात, पण तीच पोस्ट पुढे दाव्याला जोडली जाते. विक्री त्या दिवशी थांबवा, पण माल जाळू किंवा फेकू नका आणि हिशेब पुसू नका. नोटिशीत ट्रेडमार्कचा क्रमांक असेल तर रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर बघा: नोंदणी चालू आहे का, कुठल्या वर्गात, कोणाच्या नावावर. दिलेल्या मुदतीत या विषयातल्या वकिलाकडून उत्तर पाठवा. चिन्ह नोंदलेलं आहे हे माहीत नव्हतं आणि कळताच थांबलात, असं पटवून दिलंत तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३५ नुसार भरपाई नाममात्र राहू शकते. अर्थात घरोघरी पोहोचलेल्या ब्रँडबाबत "माहीत नव्हतं" कोणी मानणार नाही.

दाव्यात दम नसताना नुसतं धमकावलं जात असेल तर कलम १४२ खाली तुम्हीच उलट दावा लावू शकता. पण नोंदणीकृत मालकाने वेळेत खटला भरला तर हे कलम लागू राहत नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

हमीपत्र लिहून दिलं, पण १८० नग शिल्लक आहेत. भावाच्या दुकानातून हळूहळू काढले तर?

मुळीच नाही. कोर्टात दिलेलं हमीपत्र मोडलं तर प्रश्न शर्टाचा राहत नाही, न्यायालयाच्या अवमानाचा होतो. कंपनीच्या वकिलाशी लेखी ठरवा: नग त्यांच्यासमोर नष्ट करायचे, की छाप झाकून वापरायचे. गडद रंगाचे शर्ट असतील तर जुन्या छपाईवर प्लॅस्टिसॉल या जाड शाईचा भरीव चौकोन मारून त्यावर नवं डिझाइन बसतं. कापड थोडं कडक होतं, नगामागे छपाईचा खर्च दुप्पट येतो, पण माल वाचतो. त्या मुलाचे शर्ट आम्ही असेच वाचवले, दुसऱ्या बाजूची लेखी संमती हातात आल्यावर.